रियाज आणि खलबत्ता

माझा राग नाकावर असतो असं घरातले सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. सिंगापूरला आल्यावर पहिल्या वर्षी तर तो तिथून खाली उतरायलाच तयार नव्हता. नवरा बँकेत, कॉम्प्युटरच्या कामावर. मी त्याची बायको म्हणून मिळालेल्या पासवर आलेली, त्यामुळे मला नोकरी करता येत नव्हती. पुण्यात माझ्याकडे गाणं शिकायला मुली यायच्या, अधूनमधून बैठकी व्हायच्या. इथे बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मी, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आणि खिडकीसमोरून डुलत जाणारी एलआरटीची छोटी गाडी.

तरीही मी सुखात होते, कारण रियाज होता. नवरा गेला की खिडक्या उघडायच्या, सतरंजी टाकायची, तंबोरा लावायचा आणि गायचं. दिवसभरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. तो झाला की त्याच सतरंजीशेजारी फरशीवर फतकल मारून मी दाणे कुटायला बसायची. आमच्याकडे कोशिंबिरीला कूट, भाजीला कूट, खिचडीला तर हवंच हवं. आणि मिक्सरमधलं कूट मला चालत नाही. त्याला तेल सुटतं, लगदा होतो. पुण्याहून येताना लोखंडी खलबत्ता बॅगेत बसावा म्हणून मी दोन चांगल्या साड्या मागे ठेवल्या होत्या.

एक दिवस दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी. लिफ्टमध्ये हसण्यापुरती ओळख. त्या हातवारे करत म्हणाल्या, "एव्हरी मॉर्निंग सो नॉइझी! माय हजबंड कान्ट स्लीप लाह!" त्यांच्या नवऱ्याचे गुडघे रात्रभर ठणकायचे, सकाळी कुठे डोळा लागायचा, एवढं मला कळलं. मी सॉरी म्हणून दार लावलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नॉइझी? माझं गाणं नॉइझी?

संध्याकाळी नवऱ्यावर सगळा राग काढला. तो बिचारा जेवता जेवता म्हणाला, "अगं, त्यांना तोडीबिडी काय कळणार? जरा हळू गा."

"हळू गाऊन का कधी गाणं होतं?"

"मग खिडक्या लावून घे."

खिडक्या लावल्या. त्या उकाड्यात घामाच्या धारा, आणि गळा असा चोरून लावायचा की सूर बाहेर पडायच्या आधीच जीव सोडायचा. असं कसं गाणार माणूस? थोड्या दिवसांनी मी तंबोऱ्याची पेटी उचलून कपाटात ठेवून दिली. तो महिना फार वाईट गेला. मी ईस्ट कोस्टला समुद्रावर फिरायला गेले, मराठी मंडळाच्या बायकांबरोबर हळदीकुंकू केलं, सगळं केलं, पण सकाळी नवरा गेला की घर अंगावर यायचं. दाणे तेवढे मात्र मी जोरात कुटत होते. सगळा राग त्या बत्त्यावर निघत होता.

आणि मग एका रविवारी पुन्हा दार वाजलं. त्याच आंटी. तीच तक्रार, पण या वेळी डोळ्यांत पाणी. "नाऊ मोअर वर्स!"

मी भडकलेच. "आंटी, आय स्टॉप्ड सिंगिंग! वन मंथ! तोंडसुद्धा उघडलं नाही मी!" शेवटचं वाक्य मराठीतच निघालं.

त्या गोंधळल्या. "सिंगिंग? व्हाय सिंगिंग?" असं म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि मला सरळ खाली नेलं. जाताना मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, "घरात जे जे वाजतं ते एकेक करून वाजव! मी खालून ऐकते!"

त्यांची बेडरूम बरोबर आमच्या हॉलखाली. पलंगावर अंकल बसलेले, बारीक, गोरेपान. तरुणपणी जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत काम केलेलं, त्या ठोकाठोकीत कान गेलेले. मी छताकडे बघत उभी राहिले. वर नवरा आरती म्हणत होता, हे मला नंतर कळलं. तोही बेंबीच्या देठापासून. खाली काही म्हणजे काही नाही. मग मिक्सर लागला असावा, कुठेतरी डास गुणगुणावा तेवढं काहीतरी आलं. आणि मग...

धप्प. धप्प. धप्प.

अगदी भिंतीच्या आतून. मी दचकले. पलंगावरच्या अंकलनी डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं.

शिव शिव! रोज सकाळी मी या माणसाच्या डोक्यावर अक्षरशः मिरे वाटत होते, आणि बसले होते गाण्याचं सुतक पाळत.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. आवाज म्हणजे हलणं, हे मी स्वतः मुलींना शिकवायची. तार हलते, हवा हलते, कानाचा पडदा हलतो, तेव्हा कुठे आपल्याला षड्ज ऐकू येतो. माझा आवाज हवेवर स्वार होऊन जायचा, जाड फरशीवर आपटून बहुतेक परत यायचा नाहीतर खिडकीतून निघून जायचा. बत्त्याला हवेची गरजच नव्हती. तो थेट फरशी हलवायचा, आणि आमची फरशी म्हणजेच त्यांचं छत. ढोलाच्या एका तोंडावर मी बसलेली, दुसऱ्या तोंडाखाली ते झोपलेले.

मी खलबत्त्याची खूण करून, हात जोडून माफी मागितली. आंटींना एवढं हसू आलं की त्यांनी मला खुर्चीत बसवून चहा दिला. मग म्हणाल्या, कपडे वाळत घालताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझं गाणं ऐकू यायचं. बंद झालं तेव्हा वाटलं, तू इंडियाला परत गेलीस.

"आणि अंकलना?"

"माय हजबंड?" त्यांनी हात हलवला. "ही हिअर नथिंग." आणि अंकलच्या कानाशी वाकून त्या आपल्या भाषेत किंचाळल्या. अंकल शांतपणे भिंतीकडे बघत राहिले. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं, ते त्यांना टोचायचं. रोज असंच किंचाळायचं, आंटी म्हणाल्या, आणि मग दमून गप्प बसायचं.

पण धप्प तर ऐकू आलं होतं! माझ्या गाण्याच्या बाईंचंही उतारवयात असंच झालं होतं. फोनची घंटी ऐकू यायची नाही, तंबोऱ्याचा खर्ज मात्र यायचा. वरचे सूर आधी जातात, खालचे टिकतात. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि, लाज कसली, सरळ तार षड्ज लावला. अंकल ढिम्म. मग मी मध्यात आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आणखी खाली, मंद्र पंचमावर, पार छातीतून, एरवी मी कंटाळून सोडून देते त्या जागी. आणि तिथे थांबले.

अंकलनी एक बोट वर केलं. ते हळूच काहीतरी बोलले.

"ही से, दिस वन कॅन हिअर," आंटी म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी त्यांना समजावलं. ओरडलं की आवाज मोठा होतो, पण वरही चढतो, नेमका जिथे त्यांना काही ऐकू येत नाही तिथे. मोठ्याने नको, खाली. हळू आणि जाड. मी छातीवर हात ठेवून दाखवलं. आंटी लाजल्या. "लाइक मॅन?" म्हणाल्या. मग पदर असता तर तो खोचला असता अशा आवेशाने पलंगाच्या कडेवर बसल्या, हनुवटी गळ्याशी घेतली आणि कसल्याशा घोगऱ्या, खालच्या आवाजात काहीतरी विचारलं.

अंकल वळले. त्यांच्याकडे बघून त्यांनी उत्तर दिलं.

आंटींनी पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं, या वेळी लांबलचक. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कशावरून तरी अंकल हसले, आणि आंटींनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि बोलत राहिल्या, त्याच जाड आवाजात, थांबायलाच तयार नाहीत. डोळे पुसत होत्या आणि बोलत होत्या. मी समोर बसलेय हे दोघंही विसरून गेले होते.

मी चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, दार हळूच ओढून घेतलं आणि वर आले. नवरा हातात बत्ता घेऊन विचारत होता, काय झालं, काय झालं? त्याला म्हटलं, थांब जरा. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि तंबोरा लावला.