साकवाच्या पैशातलं लुगडं

सुगंधा कोयंडे हिच्याबद्दल मी लिहावं असा मला काही अधिकार नाही. तरी लिहितो, कारण तिच्याविषयी सरकारी कागदांत जे काही शिल्लक असेल ते माझ्याच हातचं आहे, आणि ते खरं नाही.

१९६१ साली मी ग्रामसेवक म्हणून खाडीकाठच्या एका गावात रुजू झालो. मिठबावहून चालत दोनेक तासांवर. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. नव्या कायद्याप्रमाणे पंचायतीत दोन बायका असाव्या लागत. एक सरपंचांची चुलती होती, ती अंथरुणाला खिळलेली. दुसरी सुगंधा. तिला घेतलं, कारण पलीकडच्या वाडीत सही करता येणारी ती एकटीच बाई होती. शाळेत प्रौढांचा वर्ग निघाला होता तेव्हा ती पाटी घेऊन जाऊन बसली होती.

चाळिशीची, उंच, सावळी बाई. नवरा भिकाजी मुंबईला गोदीत कामाला. दोन वर्षांनी एकदा शिमग्याला यायचा. पोटी मूल नव्हतं. घरात ती, तिची विधवा धाकटी जाऊ तुळसा आणि तुळसाची मुलगी यशोदा. दोघी जावा दिवसभर शेतात राबत आणि उरलेल्या वेळात पडवीत बसून सुंभ वळत. वीस वर्षांत त्यांचं भांडण कुणी ऐकलं नव्हतं.

पहिल्या सभेला सुगंधा आली आणि दाराशीच बसली. पुरुषमंडळी विड्या ओढत होती. सरपंच परशुराम, ज्यांना सगळं गाव बापू म्हणे, ते हसत म्हणाले, "काय गो सुगंधा, तुका काय व्हया सरकाराकडसून?"

"साकव," ती म्हणाली.

त्यांची वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, होता. त्यावर पोफळीचे चार सोट टाकून सुंभाने बांधलेले, तोच साकव. उन्हाळ्यात त्याखाली पाणीही नसे, पण आषाढात व्हाळ भरून वाहू लागला की डोक्यावर भारे घेऊन बायका त्यावरून एकेक पाऊल टाकत जायच्या.

"आमका दुसरा काय नको," ती म्हणाली. "साकव तेवडो बरो बांधून घाला."

ठराव झाला. तालुक्याहून मंजुरी यायला दोन वर्षं लागली. तोवर सभाही बंद पडल्या होत्या. मीच रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करीत फिरायचो. सुगंधाच्या पडवीत बसून मी वाचून दाखवलं, "साकव दुरुस्ती, किंजळीच्या नव्या फळ्या." ती हरखली. पदराला हात पुसून तिने सावकाश सही केली. तुळसा खांद्यावरून वाकून बघत होती.

बापू वाईट माणूस नव्हते. कुणाच्या घरी आजारपण आलं तर आधी धावायचे. पण त्यांना देण्याची हौस होती, आणि आपल्या खिशातून द्यायला ती पुरत नव्हती. त्या दिवाळीत साकवाचे पैसे हातात आले. तालुक्याच्या एका अधिकाऱ्याची बदली झाली, त्याला मनगटी घड्याळ गेलं. एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, तिथे पितळी समयांची जोडी गेली. पंचांना धोतरं, बायकांना लुगडी. मला एक पेन मिळालं. त्याच पेनाने मी फळ्यांच्या पावत्या लिहिल्या. नाही म्हणता आलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी म्हणून पाहिलंच नाही.

भाऊबीजेला बापू साकवावरून सुगंधाच्या घरी गेले. मी बरोबर होतो. त्यांनी हिरवं इरकली लुगडं तिच्यापुढे ठेवलं.

"तुका भाव नाय, माका भैण नाय," ते म्हणाले. "आजपासून ह्या माज्या भैणीचा घर."

सुगंधाला माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तिने पाट मांडला, ओवाळलं, आणि ओवाळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुळसाने आत जाऊन घाईघाईने शिरवाळे, तांदळाच्या शेवया, केले. आम्ही दोघे पोटभर जेवलो.

शिमग्याच्या सुमाराला दोन माणसं आली, जुन्या होडीच्या चार फळ्या त्या सोटांवर ठोकून, नवं सुंभ बांधून गेली. सुगंधाने बापूंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "होतलो गो. दुसरो हप्तो येवंदे." तिने विश्वास ठेवला. वाडीतले लोक कुरकुर करू लागले तर ती त्यांनाच गप्प करायची. एकदा तुळसासुद्धा माझ्यादेखत म्हणाली, "पावसाच्या आदी होवक व्हयो हो साकव." त्यावर सुगंधा तिच्यावर ओरडली. "माजो भाव आसा तो. करतलो म्हणालो, म्हणजे करतलो."

१९६४च्या आषाढात लावणी चालू होती. सकाळी तुळसा तरव्याच्या, भाताच्या रोपांच्या, मुठी डोक्यावर घेऊन निघाली. साकवाच्या मधोमध होडीची फळी मोडली. मागून येणाऱ्या बायकांनी तिला पाण्यात पडताना पाहिलं. त्यानंतर दिसल्या त्या फक्त वाहत जाणाऱ्या हिरव्या मुठी. दुसऱ्या दिवशी ती खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या मुळांत अडकलेली सापडली. अंगावर सुगंधाचं जुनं लुगडं होतं. नवं मिळाल्यावर सुगंधाने ते तिला दिलं होतं.

तालुक्याहून चौकशी लागली. कागदावर साकव नवा होता, आणि नव्या साकवावरून माणूस मेलं कसं याचा खुलासा हवा होता. चौकशीच्या आदल्या दिवशी बापूंनी मला सुगंधाकडे पाठवलं. फळ्या नव्या होत्या, पुराने वाहून गेल्या, एवढं तिने सांगायचं.

ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. यशोदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. मी निरोप सांगितला. तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"भाऊसाहेब, तुमी वाचून दाखयलास ते फळये खंय गेले?"

मी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

"पैसे इलेच नाय काय?"

"इलेले," मी म्हणालो.

"मगे?"

वळणीवर ते हिरवं लुगडं वाळत होतं. माझी नजर तिकडे गेली. मी ती मुद्दाम नेली नव्हती. पण तिने पाहिलं. तिने वळणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मांडीवरच्या पोरीकडे. रडली नाही. फक्त म्हणाली, "आनी मी तिच्यावर ओरडलंय."

चौकशी शाळेत झाली. पोरांना सुट्टी दिलेली. अधिकारी तरुण होता, घाटावरचा. बापू, पंच, मी, सगळे बाकांवर बसलो होतो. सुगंधा आली आणि घडी केलेलं लुगडं तिने टेबलावर ठेवलं.

"ह्या साकवाच्या पैशातला," ती म्हणाली. "माका म्हायत नव्हता. पन घेतलंय मीच."

"आपण जरा मराठीत सांगा बाई," अधिकारी म्हणाला.

तिने एकेक शब्द जुळवून सांगितलं. "साहेब, सही माझी आहे. लुगडं मी घेतलं. साकव झाला नाही. माझी जाऊ मेली."

बापू हळूच म्हणाले, "सुगंधा, मी तुजो भाव मा गो?"

"म्हणान तर इतके दिस गप्प रवलंय," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "ग्रामसेवक, काम झालं होतं का?"

मी म्हणालो, "रजिस्टराप्रमाणे झालेलं आहे, साहेब."

तीन महिन्यांनी निकाल आला. फळ्या पुरात वाहून गेल्या असाव्यात, असं त्यात होतं. घड्याळाचा, समयांचा, धोतरांचा कुठे उल्लेख नव्हता. ते कुणी कबूलच केलं नव्हतं. भेटवस्तू घेतल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगणारी एकच व्यक्ती होती. तिला सदस्यपदावरून कमी करण्यात आलं. ती नोटीस तिच्या घरी मीच नेऊन दिली. तिने ती स्वतः वाचली, शब्दाशब्दाला थांबत, आणि मला पाणी विचारलं.

वाडीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. लुगडं नेसून मिरवली तेव्हा कळलं नाही का, असं त्या म्हणत. भिकाजी रजा काढून आला. बायकोने भर सभेत चोरीचं लुगडं कबूल केलं, हे मुंबईत गाववाल्यांच्या खोलीपर्यंत पोचलं होतं. "तोंड दाखवूक जागा ठेवलंस नाय," असं म्हणून तो चार दिवसांत परत गेला, आणि पुढे त्याच्या मनिऑर्डरी थांबल्या. बापू पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यानंतर साकव झाला, चांगला चिऱ्याच्या खांबांवर. त्याचं उद्घाटनही त्यांनीच केलं. तोवर माझी बदली झाली होती.

१९६८ साली कणकवलीच्या बाजारात ती मला दिसली. सुकी मासळी घेऊन बसली होती. केस पार पिकले होते. यशोदा सातवीची परीक्षा पास झाल्याचं तिने आपण होऊन सांगितलं. पोरीला पुढे शिकवायची म्हणाली. माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मी चार वर्षं मनात धरलेलं बोललो.

"वयनी, त्या दिवशी मी गप्प रवलंय."

"गप्प खंय रवलास?" ती म्हणाली. "बोललास मा तुमी."

आवाजात राग नव्हता. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, ती त्याच्याकडे वळली आणि बांगडे निवडून देऊ लागली. मी थोडा वेळ थांबलो. तिने पुन्हा वर पाहिलं नाही.

दोन वर्षांनी यशोदाचं कार्ड आलं, पत्ता तिने कुठून मिळवला कोण जाणे. काकी पंधरा दिवस तापाने आजारी होती, गेली. बारावं अमुक दिवशी आहे, एवढंच लिहिलं होतं. मी रजेचा अर्ज लिहिला, साहेबांनी मंजूरही केला. एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेलो आणि तिथूनच घरी परतलो.