दातांची तात्पुरती शाखा

किस्से म्हणजे दाराच्या खुंटीला अडकवलेल्या कापडी पिशव्या. आपण एक ओढायला जावं, तर सगळ्याच अंगावर! त्यातून तुमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना असेल आणि तुमच्या गॅलरीतून त्याचं दार सरळ दिसत असेल, तर विचारूच नका. मी चोरून काही ऐकत नाही. पण कान काय, गॅलरीत जाताना घरात काढून ठेवायचे?

आम्ही अमळनेरकडचे. आमच्या ह्यांना राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून सिल्वासात आलो. खालचे डॉक्टर मोघे नाशिकचे. माणूस सोन्यासारखा, दात काढतानासुद्धा पेशंटची माफी मागणारा! दंतवैद्यांची देशभरची एक मोठी संघटना आहे, तिच्या शेजारच्या गावातल्या शाखेचे ते सभासद. बारा वर्षं तिथे त्यांच्याकडे एकच खातं होतं, चहा-नाश्त्याचं. भाषणं दुसऱ्यांनी करायची, हार दुसऱ्यांनी घालून घ्यायचे, आणि मोघ्यांनी बटाटेवडे मोजायचे!

शेवटी त्यांनी कंबर कसली. सिल्वासातले सात दंतवैद्य जमवले आणि दिल्लीला अर्ज केला की आम्हाला आमची शाखा द्या. उत्तर आलं, ‘एक वर्षासाठी तात्पुरती शाखा मंजूर. ठरवून दिलेले कार्यक्रम करा, त्यांचे फोटो ठेवा. वर्षाखेर आमचा माणूस येऊन बघेल. पसंत पडलं तर शाखा कायम.’

डॉक्टरांच्या बायकोने, सुमतीवहिनींनी विचारलं, “आणि पसंत नाही पडलं तर?”

डॉक्टर म्हणाले, “तर पुन्हा बटाटेवडे!”

*

पहिला कार्यक्रम शाळेत. दात कसे घासावेत याचं प्रात्यक्षिक, आणि सगळ्यात स्वच्छ दातांच्या मुलाला बक्षीस.

शाखेचे सेक्रेटरी डॉक्टर हसमुखभाई. गोड माणूस, तोंडात कायम पान. दुसऱ्यांना तंबाखू सोडायला सांगताना आधी बाजूला जाऊन थुंकून येत. बक्षिसासाठी देणगीदार शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. “चिंता नको,” ते म्हणाले, “पार्टी एकदम मोठी आहे.”

मुलांना ब्रश वाटले, पेस्ट वाटली. पेस्ट गोड होती, त्यामुळे निम्म्या वर्गाने ती दातांना न लावता सरळ खाल्ली. तरी कसाबसा एक नंबर निघाला. टाळ्या झाल्या. मोघ्यांनी देणगीदारांच्या हातून बक्षीस देववलं.

देणगीदार होते बाजारातले मिठाईवाले. बक्षीस : एक किलो पेढे!

पोराच्या हातात पुडा बघून मोघ्यांचा चेहरा पडला. हसमुखभाई हळूच म्हणाले, “साहेब, आज पेढा खाशे तो उद्या आपला पेशंट होशे. लांबचा विचार करा!”

*

आता फोटोंचं सांगते. कार्यक्रम झाला, असं दिल्ली नुसत्या सांगण्यावरून मानत नव्हती. फोटो हवा, आणि फोटोत समोर जनता हवी. आता दातांच्या कार्यक्रमाला जनता कुठून आणायची? मग डॉक्टर जिन्याखाली उभे राहून हाक मारत, “पाटीलकाकू, दहा मिनिटं आहेत का?”

माझ्याकडे दहा मिनिटं नेहमीच असतात.

अशी मी वर्षभर जनता झाले. साडी बदलायची आणि बसायचं. शाळेत मी पालक, कारखान्यात कामगार महिला, व्याख्यानाला जिज्ञासू श्रोता. एकदा तर डोक्यावरून पदर घेऊन मी ‘दुर्गम भागातील भगिनी’सुद्धा झाले. तो फोटो आमच्या गच्चीवर काढलाय!

*

कारखान्यातल्या शिबिराला मात्र जनता आणावी लागली नाही. राखोलीला आमच्या ह्यांच्याच कारखान्यात टेबल मांडलं. अशी रांग लागली, की मोघे गहिवरले. “बघा काकू, कामगारांत किती जागृती आहे!”

संध्याकाळी हसमुखभाईंनी आकडे जुळवले. कारखान्यात माणसं एकशे चाळीस आणि तपासलेले रुग्ण एकशे नव्वद!

मी दुपारीच रांगेतल्या आमच्या धुळ्याकडच्या एका दादाला विचारलं होतं, “काय हो, तुम्हाला मघाशीच तपासलं ना?”

तो म्हणाला, “मना दात काय दुखत नही वं ताई. आठे चहा-बिस्कुट भेटस, आन् अर्धा घंटा मशीन बंद. म्हनीसन पुन्हा उनू.”

सुपरवायझर ओरडत होता, पण ओरडून झाल्यावर तोही रांगेत उभा राहिला. मोघ्यांनी आकडा बदलला नाही. दिल्लीला एकशे नव्वद कळवले. दिल्लीने अभिनंदन केलं.

*

सुरंगीचं शिबिर खेड्यातलं. तिथली माणसं सकाळी बाभळीची काडी चावतात आणि कामाला लागतात. त्यांना ब्रश आणि दंतमंजन द्यायला सात डॉक्टर, दोन जीप आणि जनता म्हणून मी!

मोघ्यांनी भाषण केलं. “काडीने दात झिजतात, हिरड्या सोलतात, म्हातारपणी दात राहत नाहीत.” मग मंजनाचा मोठा डबा उघडायला घेतला. पत्र्याचं झाकण गच्च बसलेलं. मोघ्यांनी जोर लावला, हसमुखभाईंनी लावला, ड्रायव्हरने दगडाने ठोकून पाहिलं. हलेना!

पुढे एक म्हातारा बसला होता, लाडक्याबाबा. सत्तरीच्या पुढचा असेल. तो उठला, डबा हातात घेतला, झाकणाची कड दातांत धरली. कट्! झाकण निघालं. ते त्याने मोघ्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, “डागतर, यात काय हाय?”

“दात मजबूत करायची पावडर,” मोघे पुटपुटले.

फोटोग्राफरने नेमका त्याच वेळी फोटो घेतला. अल्बममध्ये त्याच्याखाली लिहिलंय, ‘रुग्णतपासणी’.

*

व्याख्यानाला गर्दी होईल का, याची मोघ्यांना फार धास्ती. विषय होता ‘दातांच्या मुळांचे विकार’. आजूबाजूच्या गुजरातमधल्या सगळ्या शाखांना आमंत्रणं पाठवली. वीस आले तरी पुष्कळ, म्हणून वीसच खुर्च्या सांगितल्या.

आले साठ! सुरतेहून आले, बलसाडहून आले, काही तर कुठून आले ते त्यांनाही सांगता येईना. मोघे हरखले. “विषयच तसा आहे हो!”

आता तुम्हाला ठाऊकच आहे. गुजरातेत दारूबंदी आणि आमच्या सिल्वासात नाही.

व्याख्याते पडद्यावर एकेक मूळ दाखवत होते आणि साठ डोळे... चुकले, एकशे वीस डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहा वाजता व्याख्यात्यांनी विचारलं, “काही प्रश्न?”

मागून एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. “प्रश्न एकच आहे, साहेब. फाटकाबाहेर पडून डावीकडे वळायचं का उजवीकडे?”

*

आता मुख्य मोहीम. बाजारात पिंपळाखाली नानजीभाई बसायचे. सतरंजी, एक आरसा, चिमटे, कानशी आणि बरणीभर दात. लोकांच्या कवळ्या बनवायचे, मोडलेल्या जोडायचे. शिक्षण काही नाही, वडिलांनी शिकवलेलं तेवढंच. अशा माणसांविरुद्ध मोहीम काढणं दिल्लीच्या यादीत होतंच.

मोघ्यांनी पाटी रंगवून घेतली. चांगली दारापेक्षा मोठी! वर हा एवढा पांढराशुभ्र दात आणि खाली मराठी-गुजरातीत, ‘रस्त्यावर बसणाऱ्या अडाण्यांना दात दाखवू नका.’ ती नेमकी पिंपळासमोर ठोकली. फोटोत मी ‘जागृत महिला’.

आठ दिवसांनी बघते तर नानजीभाईंनी सतरंजी पिंपळाखालून उचलून पाटीखाली टाकलेली! पिंपळाची पानं गळत होती, आणि पाटीची सावली घट्ट पडायची. त्यांना वाचता येत नव्हतं. बाजाराला येणाऱ्या माणसांनाही नव्हतं. त्यांना लांबून मोठा दात दिसायचा आणि खाली बसलेला माणूस. धंदा दुप्पट झाला!

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. “पाटी काढू तर फोटोतली मोहीम खोटी ठरते. ठेवू तर...”

पाटी राहिली.

*

असं करत करत वर्ष सरलं आणि दिल्लीचा माणूस आला. डॉक्टर माथुर. वय झालेलं, शिस्तीचे, चष्म्यावरून बघणारे. रविवार होता. संध्याकाळी पाच वाजता वार्षिक सभा, त्यांचं भाषण आणि मग निकाल. मोघ्यांनी आदल्या दिवसापासून नीट खाल्लं नव्हतं.

माथुरसाहेबांनी दवाखान्यात बसून अल्बम बघायला घेतला. मी चहा घेऊन गेले होते. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

“ये बहनजी तो हर जगह हैं!”

मोघे पांढरे पडले. हसमुखभाईंनी पान गालात सरकवलं. “साब, यहाँ की जनता बहुत जागरूक है.”

साहेबांनी नुसता अल्बम मिटला. मिटण्याचा आवाज मला आवडला नाही.

अल्बमने बिघडवलं ते जेवणाने सुधारावं, म्हणून पाहुण्यांना आमच्याकडे वर आणलं. मी आमच्याकडची डाळ-बट्टी केली होती, वांग्याचं भरीत, वर तूप. साहेबांनी बट्टी कुस्करायच्या ऐवजी उचलली आणि थेट चावली.

कट्!

माझी बट्टी तेवढी कडक नव्हती, हे मी आजही सांगते. पण साहेबांनी रुमालात तोंड घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा रुमालात वरची कवळी होती. दोन तुकडे!

आता बघा. ताटाभोवती सात दंतवैद्य बसलेले. देशभरच्या संघटनेची शाखा! आणि कवळी कोणालाच जोडता येईना. मोघे म्हणाले, “आमचं कवळीचं काम सुरतेच्या लॅबमध्ये जातं. आठ दिवस लागतात.” हसमुखभाई म्हणाले, “अने आजे तो रविवार.” साहेब रुमालाआडून काहीतरी बोलले. ते कोणाला कळलं नाही, पण रागावलेत एवढं सगळ्यांना कळलं.

मोघे गॅलरीत येऊन उभे राहिले. “संपलं, काकू. बारा वर्षं वडे मोजले, आता मरेपर्यंत मोजतो.”

बट्टी माझी. मला राहवेना. मी म्हटलं, “ते तुकडे द्या माझ्याकडे. पाचच्या आत जोडून आणते.”

“कुठून?” त्यांच्या तोंडून निघालं. मी नुसतं बाजाराच्या दिशेने बघितलं. ते आत गेले आणि रुमाल आणून माझ्या हातात ठेवला.

नानजीभाईंनी तुकडे उजेडात धरून फिरवून पाहिले. “कोनुं छे, बेन?”

“पाहुण्यांचं.”

“कारीगर सारो हतो. पण बेसतुं नहीं होय. आ बाजू ऊंची छे.”

गुलाबी पावडर काढली, कसलंसं पाणी टाकलं, जोडलं, वाळवलं, कानशीने घासलं. उंच बाजूही बेताने उतरवली. तासाभरात काम झालं. मी पैसे पुढे केले तर हात जोडले. “आखुं वरस डागटर साहेबना बोर्डने छांये बेसुं छुं. पैसा केम लेवाय?”

साहेबांनी कवळी बसवली. जबडा हलवला. दात वाजवून पाहिले. आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. “अरे! दो साल से हिल रही थी. अब जाकर बैठी है!”

पाचला सभा. साहेब चाळीस मिनिटं बोलले. विषय, ‘रस्त्यावरच्या अडाणी दंतवैद्यांचा धोका’. एक अक्षर अडखळलं नाही, एकदाही कवळी हलली नाही! मोघे खाली मान घालून टाळ्या वाजवत होते.

शेवटी साहेबांनी विचारलं, “आपकी शाखा का टेक्नीशियन कौन है? ऐसा हाथ मैंने दिल्ली में नहीं देखा.”

मोघ्यांनी पंख्याकडे बघितलं. हसमुखभाईंनी पान गिळलं. मग मीच म्हटलं, “नानजीभाई.”

साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

महिन्याने दिल्लीहून दोन पाकिटं आली. एकात शाखा कायम झाल्याचं पत्र. मोघे ते हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सुमतीवहिनींनी स्वतःच्या हाताने बटाटेवडे केले, सगळ्या बिल्डिंगला वाटले. मोजले नाहीत!

दुसऱ्या पाकिटात सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र होतं. ‘श्री. नानजीभाई, तंत्रज्ञ, सिल्वासा शाखा, यांस उत्कृष्ट सेवेबद्दल.’ वर संघटनेचा शिक्का, खाली सही. ते मोघ्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं. आठवडाभर खण उघडायचे, बघायचे, बंद करायचे. मला गॅलरीतून दिसतं.

पुढच्या बाजाराला मी भाजी घ्यायला गेले. नानजीभाई पाटीखाली बसलेले, अंगात नवा सदरा. पाटीला एक नवा खिळा आणि खिळ्याला काचेच्या चौकटीत ते प्रशस्तिपत्र!

“डागटर साहेब खुद आवीने खीली मारी गया,” ते म्हणाले. “बेन, तमे तो भणेला छो. आमां शुं लख्युं छे?”

मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले. मग मान वर करून प्रशस्तिपत्राच्या वर पाटीवर रंगवलेली ती मोठाली अक्षरं दाखवली. “अने आ?”

“तेही त्याच संघटनेचं आहे, नानजीभाई,” मी म्हटलं. “तेही तुमच्याबद्दलच!”