सर्कलवरचं कुंपण

आमचे हे नगरपालिकेत माळी. बाजाराजवळ चार रस्ते येऊन मिळतात तिथलं गोल सर्कल म्हणजे यांचा जीव की प्राण. घरातल्या कुंडीला तांब्याभर पाणी घालतील तर शपथ! पण तिथल्या फुलांना गाड्यांच्या धुराचा त्रास होतो, म्हणून भोवती झुडपांचं कुंपण लावलं आणि पुरुषभर उंच वाढू दिलं. छाटायचं तेसुद्धा आत उभं राहून. रस्त्यावरून ते कसं दिसतं, कधी बघितलंच नाही.

त्याच सर्कलवर एका टेम्पोनं आमच्या ओळखीच्या शिलाईवाल्या बाईला उडवलं. बाई जागीच गेली. टेम्पोवाला रडत एकच सांगत होता, "मला ती दिसलीच नाही हो." कोण ऐकतंय? यांनीच सगळ्यांत जास्त तोंड सोडलं, "डोळे काय घरी ठेवून निघतात लेकाचे?" बिचाऱ्याचं लायसन्स गेलं, कामही गेलं.

आमची पुतणी इंजिनिअरिंगला. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिनं हेच सर्कल घेतलं. सगळे म्हणत, गाडी जोरात होती. हिची शंका वेगळीच. एकदा आमच्याकडे जेवताना म्हणाली, "काका, तो टेम्पोवाला खरं बोलत असेल तर? दोष तुमच्या कुंपणाचा आहे." झालं! हे ताटावरून उठले. मीही फाडकन बोलले, "शहाणपण कॉलेजातच ठेवून येत जा."

दुसरी कुणी असती तर पुन्हा फिरकली नसती. ही आली. मला म्हणाली, "काकू, नुसती शंका होती, ती मी निकाल लागल्यासारखी सांगितली. आणि तीही ते जेवत असताना." मग यांच्याजवळ जाऊन बसली. "काका, मी काही सांगत नाही. तुम्ही गाडीत बसून बघा. माझं चुकत असेल तर तुम्हीच सांगा."

शेजाऱ्यांची छोटी गाडी, चालवायलाही शेजारीच. पुढे हे, मागे मी. पोरगी पलीकडे रस्ता ओलांडायला उभी. गाडी हळूहळू सर्कलला वळसा घालू लागली. बाजूला नुसतं हिरवंगार, माणूस म्हणून दिसेना. कुंपण सरलं आणि पोरगी एकदम गाडीपुढे!

"अरे थांबव!" हे किंचाळले. गाडी थांबली.

त्याच दिवशी यांनी ते कुंपण गुडघ्याइतकं छाटलं, एकट्यानं. मी पाणी घेऊन गेले, तर वर बघितलंसुद्धा नाही. पुतणी म्हणाली, "काका, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"मला नव्हतं गं. त्याला होतं. तो रडून सांगत होता आणि मी त्याला शिव्या घातल्या."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हे पोलीस चौकीकडे निघाले. "अहो, नोकरीवर गदा येईल," मी म्हटलं. थांबले नाहीत. मग मीही मुकाट्यानं चपला घातल्या.

साहेबांनी विचारलं, "कुणाविरुद्ध तक्रार आहे?"

यांनी आपलं नाव सांगितलं.