सर्व्हिस मोटरचा मिस्तरी

विसरवाडीच्या सर्व्हिस मोटरवर एक मिस्तरी असायचा. मोटरीत बसले की माझा जीव अर्धा व्हायचा, आणि मी माहेरी निघाले की चाक पंक्चर व्हायचंच, म्हणून त्याची ओळख. तो आधी सगळ्यांना खाली उतरवायचा, चाकांना दगड लावायचा, मग जॅक फिरवायचा, आणि मोटर उचलली तरी बाभळीचा ठोकळा खाली सरकवल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही.

मला पोचवायला सोबत आलेल्या सासूबाई म्हणायच्या, "ओ मिस्तरी, चाक बदली ऱ्हायना का लगीन लावी ऱ्हायना?"

"आजी, जॅक उचलस, धरस नही. धरस तो हाऊ ठोकळा."

एकदा मोटर वर गेली, ठोकळा अजून त्याच्या हातातच, आणि माझं रांगतं पोर खाली शिरलेलं! मी किंचाळणार, तोच तो हळूच म्हणाला, "बहीन, वरडू नको, हास! पोऱ्या बिचकना त जॅकले धक्का लागी."

मी हसले, कशी हसले देवालाच ठाऊक. तो धुळीत आडवा पडून रेडकासारखा हंबरला. पोर खिदळत बाहेर आलं.

मग त्यानं ठोकळा लावला, चाक बसवलं, विडी काढली. एकामागून एक तीन काड्या मोडल्या, एकही पेटेचना. शेवटी सासूबाईंनीच पेटवून धरली.