लाखघराच्या भिंती

झरपेठच्या नगरपालिकेत अध्यक्ष बदलले, सभासद बदलले, पण गावात साहेब यायचा म्हटलं की हाक एकालाच जायची. मुखरू मुकादमाला. झाडूवाल्यांवर देखरेख हे त्याचं कागदोपत्री काम, पण नाव होतं ते चुन्यासाठी. कलेक्टर येवो की शाळा तपासणारा येवो, मुखरूच्या पिंपात चुना भिजून तयार. रस्त्याच्या कडेचे दगड, झाडांची बुडं, दवाखान्याचं कुंपण, सगळं पांढरंफेक, खाली गेरूचा पट्टा. एकदा म्हणे साहेबाची मोटार चढावर बंद पडली, तर चाकाखाली लावलेल्या दगडांनाही मुखरूनं चुना फासून घेतला. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण मुखरूसमोर ती कोणी सांगितली की तो नाकारायचा नाही.

त्याचे स्वतःचे कपडेही तसेच. धोतराला डाग नाही, नखात माती नाही. हात तर दिवसातून किती वेळा धुवायचा त्याला सुमार नाही. बायको वैतागायची. "विहीर आटवता का तुमी?" म्हणायची.

या हात धुण्याला कारण होतं, आणि ते सरळ सांगून टाकलेलं बरं. मुखरूला आपल्या आईच्या हातांची लाज वाटायची.

मंगलीबाई, त्याची माय, उभं आयुष्य लाखघरात राबली. गावाच्या उत्तरेला जुन्या विटांची ती लांबलचक इमारत, आत ओळीनं भट्ट्या, वर दोन धुरांडी. पळसाच्या नि कुसुमाच्या फांद्यांवरची लाख रानातून तिथं यायची. ती कुटायची, धुवायची, वाळवायची, लांब कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर पिळायची. वितळून बाहेर आलेली लाख गरम असतानाच दोन हात, दोन पाय आणि दात अशा सगळ्यांनी ताणून कागदासारखा पातळ पत्रा काढायचा. त्याला चपडा म्हणत. तो चपडा कलकत्त्याला जाई आणि त्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्या होत. खुद्द झरपेठेत ग्रामोफोन एकच, अध्यक्ष गुणवंतरावांच्या दिवाणखान्यात, तोही बहुतेक वेळ झाकलेला.

पत्रा हातावेगळा झाला की तळहाताला लाख चिकटून राही आणि चटके देई. ती बाजूच्या भिंतीवर पुसून टाकायची. ज्याची त्याची जागा ठरलेली होती. दुसऱ्याच्या जागेवर कोणी हात पुसला की भांडण जुंपे, एकमेकींच्या सात पिढ्या निघत. वर्षानुवर्षं असे पंजे एकावर एक बसत गेले आणि भट्ट्यांमागची भिंत काळ्या गुळाच्या रंगाची झाली, ऊन पडलं की चकाकणारी. लाख धुण्याच्या पाण्यानं मंगलीबाईचे हात मनगटापर्यंत तांबडे झाले होते. तो रंग कधी निघाला नाही.

शाळेत पोरं मुखरूला म्हणत, "तुही माय बकरे कापते काय बे?" तो घरी येऊन रडला नाही. त्यानं आईला शाळेकडे फिरकू नको म्हणून सांगितलं. पुढं त्याचं लग्न ठरलं. मुलीकडची माणसं ब्रह्मपुरीकडची, जरा खाऊनपिऊन असलेली. मांडवात जायच्या आधी मुखरूनं आईला बाजूला घेतलं.

"माय, हात पदराखाली ठेवजो."

"जेवतानी?"

"जेवाले बसूच नको सगळ्यायसंगं. मागून बस."

मंगलीबाई मागून बसली. सुनेच्या डोक्यावर अक्षता टाकल्या त्याही पदराआडून. तेव्हापासून चारचौघांत हात झाकायची तिला सवयच लागली, आणि मुखरूला वाटलं, चला, तिला समजलं.

मग दुसऱ्याच कशाच्या तरी तबकड्या निघू लागल्या, लाखेला भाव राहिला नाही, लाखघराचे मालक शेटजी धंदा गुंडाळून निघून गेले. बेवारस इमारत नगरपालिकेकडे आली. म्हातारी मंगलीबाई रोज सकाळी काठी टेकत तिथं जाई आणि ओट्यावर बसून राही. तिच्या बरोबरीच्या बहुतेक जणी गेल्या होत्या. चौपन्न सालच्या पावसाळ्यानंतर पालिकेनं ठरवलं की लाखघर पाडायचं आणि तिथं भाजीबाजाराचे गाळे काढायचे.

त्या दिवशी मंगलीबाईनं ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "ते पाडून राह्यले म्हणते. खरं होय?"

"हाव."

"तुहा शब्द चालते काय तिथी?"

मुखरूनं घास खाली ठेवला. आईनं आजवर त्याच्याकडे लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं. "मी मुकादम आहो माय. माहं कोण ऐकते?"

"बरं," ती म्हणाली आणि भात कालवू लागली. त्या "बरं"नं त्याला रात्रभर टोचलं.

सभासदांपुढं उभं राहायची त्याची छाती नव्हती. तो गेला वच्छलाबाईंकडे. या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, नागपूरला शिकलेल्या, पालिकेतल्या एकमेव स्त्री सभासद. बोलायला फटकळ. त्यांनी मुखरूला बरोबर घेतलं, लाखघर आतून पाहिलं आणि भट्ट्यांमागच्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मुखरू, या भिंती पाहिल्यास?"

"पाह्यल्या बाई." तो खाली मान घालून म्हणाला. "लई बेकार झाल्या."

बाईंचं अर्धं लक्ष भिंतीकडे होतं. "जुन्या इमारतींचे एक साहेब आहेत नागपूरला. साहेबांना दाखवायच्या त्या याच," त्या म्हणाल्या.

सभेत त्यांनी मांडलं की पालिकेनं ठराव करून ही वास्तू जतनाची म्हणून जाहीर करावी, म्हणजे आज ना उद्या कोणी तिला हात लावणार नाही. सभासद हसले.

"भट्टीचं का देऊळ करता बाई?" एकानं विचारलं.

"देवळात तुम्ही फार जाता वाटतं," बाई म्हणाल्या.

गुणवंतराव अध्यक्ष माणूस धूर्त. कोणालाच नाही म्हणायचं नाही. ते म्हणाले, "असं करू. नागपूरचे जुन्या इमारतींचे जाणते साहेब आणा. त्यांनी पाहून हो म्हटलं, तर ठराव करू. नाई म्हटलं, तर गाळे." सगळ्यांना पटलं. बाई दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेल्या ते साहेबांना घेऊनच येते म्हणून.

इकडे मुखरूच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. साहेबांना दाखवायच्या भिंती याच. साहेबाला जे दाखवायचं ते कसं असावं, हे झरपेठेत मुखरूहून जास्त कोणाला कळत होतं? सगळी नोकरी त्यानं तेच केलं होतं. त्यात ही तर आईची जागा. आईनं एकदाच काही मागितलं, आणि ते अशा घाणीत उभं करून साहेबापुढं मांडायचं? त्यानं माणसं लावली, धुण्याचा सोडा कढत पाण्यात कालवला आणि भिंती घासायला काढल्या.

लाख सोड्यानं सुटते. भिंतीवरून जांभळं पाणी ओघळू लागलं, नालीतून रस्त्यावर आलं, गाई हुंगून बाजूला झाल्या. बिरजू नावाचा त्याचा एक झाडूवाला खराटा टेकून म्हणाला, "मुकादम, इथी माह्या काकीचा पंजा होता ना गा."

"मंग?"

"मंग काही नाई. सांगतलं."

"साहेबाले पंजे दाखवतो काय? घास."

मायच्या भट्टीमागची भिंत मात्र त्यानं कोणाला दिली नाही. ती स्वतः घासली, गुडघ्यावर बसून. एका ठिकाणी थर इतका जाड होता की त्याला खुरपं लागलं. खपली निघाली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला बोटांच्या रेषा उलट्या उमटलेल्या त्यानं पाहिल्या. पाहून त्यानं ती टोपल्यात टाकली. मग चुन्याचे दोन हात, खाली गेरूचा पट्टा. आईला त्यानं तितके दिवस घरीच बसवलं. "तयार झालं की नेतो तुले," म्हणाला. पोरासारखा खुशीत होता.

साहेब आले. कृश, चष्म्याचे, पायी चालणारे. अध्यक्षांनी हार घातला. वच्छलाबाई साहेबांना रस्ताभर त्या भिंतींबद्दल सांगतच आल्या होत्या. दाराशी मुखरू नव्या टोपीत उभा, शेजारी मंगलीबाई, धुतलेल्या लुगड्यात.

सगळे आत गेले. आत दूध सांडावं तशा भिंती.

वच्छलाबाई थांबल्या. त्यांना आधी वाटलं आपण चुकीच्या दारानं शिरलो. मग त्यांनी भट्ट्या ओळखल्या.

"हे कोणी केलं?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"आपला मुखरू," गुणवंतराव कौतुकानं म्हणाले. "आठ दिवस लागला होता बिचारा. अशी सफाई तुमच्या नागपुरात नाई व्हायची साहेब."

साहेबांनी भिंतीवरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं पाहिलं आणि रुमालाला पुसलं. ते रागावले नाहीत. रागावते तर मुखरूला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "बाईंनी मला हातांबद्दल सांगितलं होतं. कामगारांचे पंजे. अशी भिंत मी कुठे पाहिलेली नाही. त्यासाठीच आलो होतो."

मुखरूला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचे कान इतके तापले की बाहेरची माणसं बोलत होती तेही त्याला ऐकू येईना. त्याला आठवली ती टोपल्यातली खपली. टोपलं त्यानं स्वतः नेऊन नाल्यात रिकामं केलं होतं.

साहेब मंगलीबाईकडे वळले. "आजी, तुम्ही इथं काम करत होता ना? तुमचा हात कुठे होता?"

मंगलीबाई चौथ्या भट्टीपाशी गेली. पायांना वाट माहीत होती. भिंतीवर तिनं तळवा टेकवला, जरा इकडे, जरा तिकडे चाचपला. उचलला तेव्हा तो चुन्यानं माखलेला होता. तिनं तो पाहिला. मग वळून मुखरूकडे पाहिलं, आणि इतकी परकी माणसं समोर आहेत हे ध्यानात येताच दोन्ही हात पदराखाली घेतले.

तेवढंच. मुखरूला वाटलं आपल्याला या फरशीत उभं गाडावं. मांडवात त्यानं जे शिकवलं होतं, ते ती साहेबासमोर चोख करून दाखवत होती.

परत जाताना त्यानं वाटेत विचारलं, "माय, काही बोल ना."

"काय बोलू? चांगला मारला तू चुना. सारखा बसला."

"शिव्या तरी दे."

"कायले बाप्पा. तुले आवडत नोयते ना ते हात," ती म्हणाली, आणि काठी पुढं टाकत राहिली.

साहेबांनी शिफारस केली नाही. इमारत चांगली आहे, पण अशा अनेक आहेत, असं नम्रपणे सांगून ते गेले. वच्छलाबाई मुखरूशी महिनाभर बोलल्या नाहीत. पुढं त्यांनाच वाईट वाटलं. "दाखवायच्या म्हणजे काय, हे मी तुला सांगायला हवं होतं," एवढं म्हणाल्या. मुखरूला तो दिलासा घेता आला नाही. घेतला असता तर चूक बाईंची झाली असती, आणि ती त्यांची नव्हती.

आणि गंमत बघा, इमारत मात्र वाचली. ठराव आला तेव्हा गुणवंतराव म्हणाले, "इतकी साफसूफ इमारत पाडाची कायले? जकातीच्या कचेरीले कामी येईल." सगळ्यांनी हात वर केले. लाखघर ही पालिकेनं जतन करायची वास्तू, ती पाडू नये, आणि दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या आधी तिला चुना द्यावा, असा ठराव झाला. चुना कोण देणार हे लिहायची गरजच नव्हती.

मुखरूनं पहिल्या वर्षी दिला. देताना भिंतीकडे पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात चौथ्या भट्टीजवळ चुन्यातून जांभळट डाग वर आला. विटांच्या भेगांत लाख राहिलीच होती. डाग तळव्याएवढा, वरच्या बाजूला फाटल्यासारखा, मनात आणलं तर बोटं म्हणावीत. मुखरू धावत घरी गेला आणि आईला धरून घेऊन आला. मंगलीबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. तिची नजर अजून पक्की होती.

"हा माह्यावाला नाई," ती म्हणाली. "हा पोचूचा. लई खोडीची बाई, नेहमी माह्या जागेवर हात पुसे." आणि इतक्या वर्षांनी पोचूचा राग आल्यासारखं तिनं तोंड वाकडं केलं. "आताही तिचाच वर आला पाहा."

ती हसत होती. मुखरूला हसू येईना. आपण वाचवायला गेलो आणि आईचा पंजा होता नव्हता तेवढा घालवला, राहिला तो तिच्या वैरिणीचा.

पण पुढच्या जानेवारीत सगळी इमारत रंगवून झाली तेव्हा तेवढी जागा त्यानं सोडली. गुणवंतराव पाहणीला आले, छडीनं दाखवून म्हणाले, "हे काय गा मुखरू, डाग दिसून राह्यला."

"तिथी चुना पकडत नाई मालक."

"दुसरा हात मार."

"मारतो," मुखरू म्हणाला आणि मारला नाही.

मंगलीबाई त्याच वर्षी गेली. डाग दर उन्हाळ्यात थोडा गडद होई. दरवर्षी अध्यक्ष बोलत, दरवर्षी मुखरू "मारतो" म्हणे. हळूहळू गावात झालं की मुखरूच्या हातात आता पहिली सफाई नाही, वयानं ढिला पडला, मोटारीखालच्या दगडांना चुना मारणारा तो हा नव्हे. बिरजूनं एकदा त्याची बाजू घ्यायला तोंड उघडलं, तर मुखरूनं त्याला गप्प केलं.

"बोलू दे," तो म्हणाला. "खरंच बोलून राह्यले."