आरशाची पाठ

वाघमारे गुरुजी आरसा कधी समोरून बघत नसत. कुणाच्याही घरी गेले आणि भिंतीवर जुना आरसा दिसला, की चहा यायच्या आत तो खिळ्यावरून उतरवून पालथा करत. मागच्या फळीवरची जाळी रुमालानं पुसत, चष्मा कपाळावर चढवून फळीला नाक टेकेल इतके वाकत आणि "न्हाई" म्हणून आरसा परत लावून टाकत. बहुधा तिरका. घरची मंडळी तोवर आ वासून उभी असायची.

मूळचे ते तलवाड्याचे. नोकरीनं केजला आले आणि इथलेच झाले. शाळेत ते आम्हाला चित्रकला शिकवत, म्हणजे मुख्यतः पोपट, आणि खिशात कायम कोळशाचा तुकडा बाळगत. पोपट शेपटीपासून काढायचा, डोळा सगळ्यात शेवटी, अशी त्यांची शिस्त. सातवीत मी एकदा पुस्तकातला पोपट कागदावर गिरवून नेला. त्यांनी कागद उलटा केला, मागून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मधू, गिरवलेलं पाठीवर उमटतं बे." माणूस मागूनच तपासायचा ही सवय तेव्हापासूनची असावी. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पण पन्नाशीत मी नवं घर बांधलं, आणि बायकोला, कल्पनाला, हॉलमध्ये जुना आरसा हवासा वाटला. हल्ली सिमेंटच्या नव्या घरात जुनी वस्तू टांगायची पद्धत आली आहे. आयुष्यभर जुनं मोडीत घालणाऱ्या आमच्यासारख्यांनी आता तेच शोधत हिंडायचं. गुरुजी निवृत्तीनंतर अशा आरशांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते, आणि फुकट सल्ला देत. मी त्यांना बोलावलं. फुकटचं महाग पडतं हे मला अजून कळायचं होतं.

आधी ते तासभर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. मग विचारलं, समोरच्या भिंतीवर काय आहे? मी म्हटलं, टीव्ही.

"मंजी आरशात बी टीव्हीच. दोन टीव्ही कशाला लागतात तुला? आरसा काय दाखवतो ते इचारू नको, त्याला दिवसभर काय बघावं लागंल ते इचार."

टीव्ही हलला. टीव्हीपायी सोफा हलला. सोफ्याच्या मागं प्लगची बटणं निघाली, म्हणून वायरमन आला. आरसा अजून दुकानातच होता.

मग दुकानं. अंबाजोगाईच्या एका दुकानदारानं अस्सल जुना, बेल्जियमच्या काचेचा म्हणून आरसा पुढं केला. गुरुजींनी काचेला नख टेकवलं, आतलं नख किती अंतरावर दिसतं ते पाहिलं आणि काच जाड, नवी आहे असं त्या दुकानदारासमोरच मला सांगितलं. दुकानदारानं काचेवरचे काळे डाग दाखवले. गुरुजी म्हणाले, "डाग ओलीनं येतो, कडेनं येतो, हळूहळू येतो. तुमी तर पोह्यावर कोथिंबीर टाकल्यावाणी टाकलेत." परत त्या गल्लीतून जायची सोय उरली नाही. दुसऱ्या एका आरशाची चौकट म्हातारी निघाली, पण खिळे कालचे. तिसऱ्याची काच लहरी होती, तिच्यात माझं पोट आत गेलेलं दिसे. मला तो फार आवडला. गुरुजी म्हणाले, "ह्यो आरसा न्हाई, नातेवाईक हाय. गोड बोलतो." तोही गेला.

आठ महिने झाले. घरभरणी तोंडावर आली. भिंतीवर खिळा होता, त्यावर कल्पनानं रागानं कॅलेंडर अडकवलं होतं.

गुरुजींची ही सगळी पायपीट माझ्यासाठी नव्हतीच, हे मला ठाऊक होतं. ते कुठला आरसा शोधतात हे आम्ही शंभरदा ऐकलं होतं. त्यांची आई तलवाड्यात एका मोठ्या घरचं अंगण झाडायची. त्या घरात लग्न निघालं, रंगसफेदीसाठी सामान बाहेर काढलं, आणि भलामोठा आरसा तोंड भिंतीकडं करून अंगणात ठेवला. सहा वर्षांचे गुरुजी आईबरोबर गेलेले. आई झाडत होती तेवढ्यात त्यांनी कोळशानं मागच्या फळीवर पोपट काढला. आयुष्यातला पहिला. कुणाला कळायच्या आत आरसा उचलून आत गेला.

"आमाला उंबऱ्याच्या आत जायची सोय न्हवती," गुरुजी हसत सांगत. "माझा पोपट मात्र दिवाणखान्यात ऱ्हायला गेला. सगळं घर पुढनं भांग पाडायचं, आन् मागं ह्यो बसलेला."

पुढं ते घर विकलं गेलं, सामान जिल्हाभर पांगलं. मरायच्या आत तो पोपट एकदा बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शंभराव्या वेळी मी घड्याळ बघत होतो.

शेवटी वैतागून मी गुरुजींना न सांगता दिंद्रुडला गेलो आणि एका व्यापाऱ्याच्या घरून आरसा उचलून आणला. सागवानी चौकट, पैलू पाडलेली काच, डाग कडेनं आलेले. शिकवणी वाया गेली नव्हती. मागची फळी तेवढी कीड लागलेली. सुताराला बोलावून ती काढायला लावली, जागी नवं प्लायवूड ठोकलं. मी त्या वेळी मांडववाल्याशी हुज्जत घालत होतो. आठ महिने ज्या माणसाबरोबर आरशाच्या पाठी बघत हिंडलो, त्याचा हा विद्यार्थी स्वतःच्या आरशाची पाठ न बघता मोकळा झाला.

घरभरणीला गुरुजी आले. चहाच्या आधी आरसा उतरवला, पालथा केला आणि प्लायवूडवर हात ठेवून थांबले.

"कुठला म्हणालास?"

मी दिंद्रुडचं नाव घेतलं. मग व्यापारी बोलता बोलता जे म्हणाला होता ते आठवलं, की हा आरसा त्याच्या वडलांनी तलवाड्याकडून आणला होता. ते मी गिळलं आणि फळी बघायला मागं पळालो. कल्पना चुलाणापाशी होती. पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायला सकाळीच फळी जाळली, म्हणाली. तिच्यावर काही होतं का, मी विचारलं.

"काळं काळं होतं कायतरी. मला वाटलं, बुरशी."

मी परत आत आलो. गुरुजी तसेच वाकून उभे होते.

"फळीवर काही नव्हतं गुरुजी," मी म्हटलं. "मी नीट बघितलं. कोरी होती."

"तू सोता पाह्यलंस?"

"स्वतः."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडं पाहिलं. "मंग बरं," म्हणाले, आणि प्यायला पाणी आणायला मला पाठवलं.

त्यानंतर चार वर्षं ते आरसे शोधतच राहिले, आणि त्यांना स्कूटरवर नेणारा मी. आता नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. नांदूरघाट, गेवराई, माजलगाव, जिथं जुनं घर पाडताहेत असं कळेल तिथं आम्ही. प्रत्येक पाठ बघून ते "न्हाई" म्हणत आणि मी स्कूटरला किक मारी. खरं सांगून टाकावं असं दर खेपेला वाटे, आणि दर खेपेला मी पेट्रोल भरायला थांबे. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यानं आरसा उतरवला आणि मला हाक मारली, "साहेब, हे पुसायचं का?"

प्लायवूडवर कोळशानं काढलेला पोपट होता. शेपटीपासून सुरू केलेला, डोळा शेवटी, म्हातारपणी थरथरणाऱ्या हाताचा. कधी काढला, कोण जाणे. बहुतेक मी पाणी आणायला गेलो तेव्हा.

कल्पनाला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

मी आरसा उचलला आणि खिळ्यावर अडकवला. तिरका लागला. सरळ करायला गेलो नाही.

"सातवीतसुद्धा," मी म्हटलं, "त्यांनी माझा कागद उलटाच करून बघितला होता."