आधी बैल, मग चहा

आमच्या गावात सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना आधी विहिरीवर नेत. मोट ओढणारे बैल दाखवायचे, मग घरी चहा. वडिलांची पांढरी जोडी तापीच्या दोन्ही काठांवर माहीत होती. पन्नास सालानंतरची काही वर्षं मुलींचे बाप आमच्याच गावात यायचे. पलीकडच्या काठावर मुलगी द्यायला कुणी तयार नसे. तिथे साथीत बैल मेले होते आणि चार-पाच घरांनी मिळून पाणी उपसायला तेलावरचं इंजिन आणलं होतं. इंजिनाच्या फटफट आवाजावरून आम्ही त्या गावाला 'फटफट्यासनं गाव' म्हणायचो.

मग थोरल्या भावाला पाहायला एक पाहुणे आले. बैलांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "बैल भारी शेतस. पन इंजिन कोठे शे?"

"जोडी धडधाकट शे," वडील म्हणाले. "इंजिन लिसन यासले काय बसाडीसन खावाडू?" बैलांना नुसतं बसवून खायला घालणं त्यांना पटणारं नव्हतं.

पाहुणे हसले, चहा प्यायले आणि मुलगी पलीकडच्या काठाला दिली. त्यानंतरचे दोन पाहुणेही तिकडेच गेले. भाऊ जेवताना बोलेनासा झाला. वडिलांनी इंजिन घेतलं ते जोडीतला एक बैल लंगडा झाल्यावर. मगच भावाचं जमलं.

मला मात्र कोडं पडलं होतं, पलीकडचं गाव पुढे गेलं आणि आमचं मागे कसं राहिलं. नदी तीच, काळी जमीन तीच, केळी आणि ऊसही तेच. माणसं तर एकमेकांचे सोयरेच. एकेक कारण खोडत गेले, तर हाती काहीच उरेना. पुढे माझं लग्न पलीकडच्या काठावरच झालं, तेव्हा सासऱ्यांना विचारलं, "आबा, आमनं गाव मांगे कसं पडनं?"

"तुमना बैल चांगला व्हतात, पोरी," ते म्हणाले. "आमना मरी गयथात."

हे उत्तर मला इतकं पटलं, की पुढे कुठलंही गाव दिसलं की त्याचं काय चांगलं चाललंय ते मी आधी बघू लागले.

काही वर्षांनी विजेचे खांब आले. शेजारच्या कोरडवाहू गावात इंजिनं कधी नव्हतीच, त्यांनी लगेच विहिरींवर विजेच्या मोटारी बसवल्या. आमच्याकडे धाकट्या दिराला पाहायला पाहुणे येणार होते. आबा मळ्यात इंजिन पुसत बसले होते. मी मोटारीचा विषय काढला.

"इंजिन धडधाकट शे अजून," ते म्हणाले. "याले काय फेकी देऊ?"

"नका फेकू," मी म्हटलं. "पन पाहुणासनी इचारं, मोटार कोठे शे, तं काय सांगशात?"